शाळेतला माईक कोणाच्या हाती?

शिक्षणाच्या क्षेत्रात दर काही वर्षांनी एक नवे यंत्र अवतरते. कधी दूरचित्रवाणी संच येतो, कधी संगणक कक्ष येतो, कधी टॅबलेट येतो. पुढारी फीत कापतात, छायाचित्रे छापून येतात आणि काही महिन्यांतच त्या खोलीला कुलूप लागते. यंत्रावर धूळ साचते, विजेचे बिल थकते आणि ज्या मुलांच्या नावाने खरेदी झाली ती मुले होती तिथेच राहतात. आता याच रांगेत पॉडकास्ट नावाचे साधन येऊन उभे राहिले आहे. शिक्षकांनी पॉडकास्टद्वारे शिकवावे, मुलांनी पॉडकास्टद्वारे शिकावे, अशी चर्चा शहरी शाळांतून आणि शिक्षक प्रशिक्षणातून सुरू आहे. 'हे बड्या शाळांचे चोचले आहेत' असे म्हणून आमच्या समाजाने या चर्चेकडे पाठ फिरवावी काय? आमचे स्पष्ट मत आहे की पाठ फिरवू नये. हे साधन गरिबाच्या मुलाच्या उपयोगाचे आहे. मात्र ते कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. उद्या विचारला तर उशीर झालेला असेल.

पॉडकास्ट म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगायचे तर ध्वनिमुद्रित करून भागाभागांनी प्रसिद्ध केलेला कार्यक्रम. रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो. चुकला की गेला. पॉडकास्टचा भाग एकदा उतरवून घेतला की हवा तेव्हा ऐकता येतो, मध्येच थांबवता येतो, समजले नाही तर मागे नेता येतो. हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये इंग्लंडच्या 'गार्डियन' दैनिकात बेन हॅमर्सली या पत्रकाराने वापरला. 'आयपॉड' हे ॲपल कंपनीचे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण, या दोहोंच्या जोडातून तो बनला. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना फुकट आयपॉड वाटले. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्स या प्रणालीत पॉडकास्टची सोय केली आणि हे साधन जगभर पसरले. म्हणजे शिक्षणातला पॉडकास्ट सुखवस्तू मुलांच्या खिशात जन्मला, हे खरे. पण श्रीमंताच्या घरी जन्मलेले यंत्र श्रीमंताचेच राहते असा काही नियम नाही. छापखानाही आमच्यासाठी आला नव्हता. तरी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढलाच!

थोडे गणित मांडू. ६४ किलोबिट प्रतिसेकंद या दराने मुद्रित केलेला दहा मिनिटांचा आवाज पाच एमबीपेक्षा कमी जागेत मावतो. एक मेगाबिट दराची दहा मिनिटांची चित्रफीत सुमारे ७५ एमबी जागा खाते. एका चित्रफितीच्या जागेत आवाजाचे पंधरा धडे बसतात. ३२ जीबीच्या मेमरी कार्डात एक हजार तासांहून अधिक ध्वनिमुद्रण राहते. ते कार्ड साध्या बटणाच्या मोबाईलमध्येही बहुधा चालते आणि छोट्या स्पीकरला लावले तर अख्खा वर्ग ऐकतो. एकदा कार्ड भरले की इंटरनेट नको, रिचार्ज नको. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलासाठी हा फरक किरकोळ नाही.

या गणिताकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे कोरोनाच्या काळात देशाने पाहिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शासनाने 'ऑनलाइन शिक्षण' जाहीर केले. 'असर २०२०' च्या पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. उरलेल्या मुलांनी काय करायचे होते? आणि घरात फोन असणे म्हणजे मुलाच्या हातात फोन असणे नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात फक्त ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. त्यातही ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी केवळ ४ टक्के, तर इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. तंत्रज्ञानाला जात नसते असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. तंत्रज्ञानाला नसेल, पण ते ज्या समाजात वाटले जाते त्या समाजाला जात आहे, हे हे आकडे सांगतात.

त्याच काळात काही लोकांनी वेगळा रस्ता धरला. झारखंडच्या दुमका जिल्ह्यात एका गावच्या मुख्याध्यापकांनी झाडांना आणि भिंतींना भोंगे बांधून वर्ग चालवला. आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिमुद्रित धडे भोंग्यावरून ऐकवणारी 'बोलकी शाळा' पाड्यापाड्यांवर नेली. केंद्र शासनाच्या 'पीएम ई-विद्या' योजनेतही मे २०२० मध्ये सीबीएसईच्या 'शिक्षा वाणी' पॉडकास्टचा समावेश झाला. पण फरक लक्षात घ्या. दिल्लीचा पॉडकास्ट ज्याच्याकडे फोन त्याच्यापर्यंत पोचला. भोंगा मात्र ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यापर्यंतही पोचला. तत्त्व एकच, आवाजातून शिकवण्याचे. पण एकाने घराची श्रीमंती गृहीत धरली आणि दुसऱ्याने वस्तीची गरिबी.

आवाजातून शिकवणे ही नवी गोष्टही नाही. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम अनेक पिढ्यांनी ऐकले आहेत. या विषयात सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या गरीब देशाचे आहे. तिथे १९७० च्या दशकात शिक्षण मंत्रालय आणि अमेरिकेचे स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मिळून प्राथमिक शाळांत रेडिओवरून गणित शिकवले. पद्धत साधी होती. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात वर्गातली मुले मोठ्याने उत्तर द्यायची, वहीत लिहायची, खडे मोजायची. मग आवाज बरोबर उत्तर सांगायचा. चाचण्यांत या वर्गांतली मुले नेहमीच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली. यातून दोन धडे मिळतात. एक, मूल नुसते ऐकत बसले तर शिकत नाही. त्याला बोलावे लागते, हात चालवावे लागतात. दुसरा, तिथे रेडिओ चालू असताना वर्गात शिक्षक हजर होता. आमच्याकडे पॉडकास्टची तरफदारी करणारे हे दोन्ही धडे सोयीस्कर विसरतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऐकण्याचा हक्क हा आमच्या समाजाला सहज मिळालेला हक्क नाही. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले शिसे किंवा लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्रात लिहिलेली आहे. ज्ञान कानावाटे येते हे त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना चांगले ठाऊक होते, म्हणून त्यांनी आधी कान बंद केले. आमच्या चळवळीने नेमका हाच कान उघडला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार आंबेडकरी जलशांतून गेला, वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींच्या गाण्यांतून गेला, पुढे कॅसेटमधून झोपडपट्टीत आणि तांड्या-पाड्यांवर गेला. १९५५ साली बीबीसीने ध्वनिमुद्रित केलेली बाबासाहेबांची मुलाखत आज कोणाही तरुणाला मोबाईलवर ऐकता येते. पुणे कराराविषयी इतरांनी काय लिहिले ते वाचणे वेगळे आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजात, त्या ठाम इंग्रजीत ते ऐकणे वेगळे. ही ध्वनिफीत दहावीच्या किती वर्गांत ऐकवली जाते? इतिहासाच्या तासाला याहून चांगला पॉडकास्ट कोणता?

पण कान उघडले म्हणजे काम संपले असे नाही. खरा प्रश्न तोंडाचा आहे. शाळेत बोलते कोण? वर्गात ज्या मुलाची भाषा पुस्तकासारखी आहे ते मूल हात वर करते. ज्याच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी वळणाची मराठी किंवा गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलली जाते ते मूल पहिल्याच वर्षी शिकते की आपण तोंड उघडले की हसे होते. 'न' आणि 'ण' वरून हसणारे लोक आपण उच्चार सुधारतो आहोत असे समजतात. प्रत्यक्षात ते त्या मुलाला गप्प करत असतात आणि गप्प झालेले मूल हळूहळू शाळेतून गळते. आता कल्पना करा की उद्या मुंबई-पुण्याच्या ध्वनिमुद्रणालयात एकाच वळणाच्या, घोटीव आवाजात सगळे धडे तयार झाले आणि ते धानोऱ्यापासून धडगावपर्यंत सर्व शाळांत वाजू लागले. मग काय होईल? आजवर एक शिक्षक हसत होता. उद्या एक यंत्र दररोज मुलाला सांगेल की ज्ञानाचा आवाज असा असतो आणि तुझा आवाज तसा नाही. हे तंत्रज्ञान नव्हे, ही जुनीच सोवळ्याची व्यवस्था नव्या पेटीत भरलेली!

इथे कायदा आमच्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे आणि मुलाला भीती व दडपणापासून मुक्त ठेवून आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे. विचार मांडणे ही काही गॅदरिंगच्या दिवशीची हौस नव्हे, अभ्यासक्रमाचीच कायदेशीर अट आहे. ज्या शाळेत मूल वर्षभर एकदाही स्वतःच्या भाषेत चार वाक्ये बोलत नाही, ती शाळा या कलमाचा भंग करते. पॉडकास्ट हे ही अट पाळण्याचे अत्यंत स्वस्त साधन ठरू शकते. त्यासाठी माईक मुलाच्या हाती द्यावा लागेल.

हे शक्य आहे काय, असे विचारणाऱ्यांनी तेलंगणातील झहीराबादजवळचे माचनूर गाव पाहावे. तिथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संगम रेडिओ' सुरू झाला. तो चालवणाऱ्या स्त्रिया गरीब, दलित आणि शेतमजूर समाजातल्या. माईक, मुद्रण, संपादन सारे त्यांनी शिकून घेतले आणि आपल्या बोलीत, आपल्या बियाण्यांविषयी, आपल्या आजारांविषयी, आपल्या गाण्यांतून त्या बोलू लागल्या. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर' या उपक्रमात माणसे साध्या फोनवरून गोंडीत आपली तक्रार नोंदवू लागली आणि दुसऱ्याची ऐकू लागली. स्मार्टफोन लागला नाही, लिहिता यावे लागले नाही. या सर्वांमागे ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उभा आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या त्या निकालपत्राने ठणकावले. ज्या अक्षर न येणाऱ्या बाया माईक पेलू शकतात, त्यांच्या शिकणाऱ्या लेकरांना तो पेलणार नाही काय?

शाळेत हे काम करायला काय लागते? शिक्षकाचा एक मोबाईल, पडदे किंवा सतरंज्या टांगलेली शांत खोली आणि आठवड्यातून दोन तास. सातवीची मुले गावातल्या पाण्याचा इतिहास मुद्रित करतील: विहीर कोणाची होती, कोणाला पाणी भरू देत नव्हते, नळ केव्हा आला, आजही कोणत्या वस्तीत तो शेवटी येतो. त्यासाठी आजीला प्रश्न विचारावे लागतील, तलाठ्याच्या कार्यालयात जावे लागेल, ऐकलेले खरे की खोटे हे ताडून पाहावे लागेल. मग लिहावे लागेल, वाचून पाहावे लागेल, चुकले तर पुन्हा मुद्रित करावे लागेल. सहा मिनिटांच्या एका भागात इतिहास, नागरिकशास्त्र, भाषा आणि वेळेचे गणित सारे येते. मूल आधी आपल्या बोलीत बोलेल आणि मग त्याच मजकुराची प्रमाण मराठी करून दुसऱ्यांदा बोलेल. प्रमाण भाषा आमच्या मुलांना यायलाच हवी. स्पर्धा परीक्षेत आणि न्यायालयात तीच लागते. पण ती घरच्या भाषेवर थुंकून नव्हे, तिच्या खांद्यावर उभे राहून आली पाहिजे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विचार करा. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामी वसतिगृह मिळाले तर मूल गावी राहते, नाही तर ते कोपीवर जाते आणि परीक्षेच्या तोंडावर परतते. या मुलाबरोबर त्याच्याच वर्गशिक्षिकेच्या आवाजातले धडे मेमरी कार्डात गेले तर शाळेशी असलेला धागा तुटणार नाही. आणि त्या मुलाने फडातला दिवस, उसाचे वजन, मुकादमाने घातलेला उचलीचा हिशेब मुद्रित करून आणला तर तो वर्गासाठी कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठा धडा ठरेल. अंध विद्यार्थ्यांना तर आवाजाचे पाठ्यपुस्तक हे वरदानच आहे. त्याच वेळी कर्णबधिर मुलांसाठी प्रत्येक भागाचा लिखित मजकूर दिला पाहिजे, नाही तर आम्हीच एका मुलाला बाहेर बसवू. गोणपाटावर वेगळे बसून शिकलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे सांगायला नको.

आता धोक्याची गोष्ट. आमच्या अनुभवाने आम्हाला शिकवले आहे की गरिबाच्या शाळेत नवे साधन येते तेव्हा मागच्या दाराने काहीतरी नेले जाते. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले, तेव्हा वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा जाणार या भीतीने पालक हवालदिल झाले. अशा वेळी 'ध्वनिफीत आहे, मग शिक्षक कशाला?' असे म्हणणारा अधिकारी निघणारच नाही, याची हमी कोण देणार? शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असलेच पाहिजेत. ध्वनिफीत शंका ओळखत नाही, उपाशी मूल ओळखत नाही, पाठीवर हात ठेवत नाही. नकाशा आणि भूमिती तर कानाने शिकताच येत नाही. म्हणून आम्ही आताच बजावतो: पॉडकास्ट शिक्षकाच्या सोबतीला चालेल, शिक्षकाच्या जागी चालणार नाही.

'आधी शाळेला छप्पर, पाणी आणि शिक्षक द्या, मग पॉडकास्टचे बोला', असे आमचेच काही मित्र म्हणतात. त्यांचा संताप रास्त आहे. पण छप्परासाठी लढा चालू असताना मुलाने गप्पच बसावे काय? छप्पर गळते हे त्याच शाळेतल्या मुलाने स्वतःच्या आवाजात मुद्रित करून ग्रामसभेत ऐकवले तर ती मागणी अधिक जोरदार होईल. मात्र सावधगिरी हवी. मुलाचा आवाज आणि नाव जगासमोर टाकण्यापूर्वी पालकांची संमती घेतलीच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे. आडनावावरून जात शोधणाऱ्या या देशात पूर्ण नाव न देता बोलण्याची मुभा मुलाला असावी. पुष्कळ भाग तर वर्गात आणि गावातच ऐकवले तरी पुरे. इंटरनेटवर टाकलेच पाहिजे असे कुठे आहे?

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतील धडे महाराष्ट्राच्या बोलींत आणि आदिवासी भाषांत, त्या त्या भागातील शिक्षक-शिक्षिकांच्या आवाजात मुद्रित करा. ते मेमरी कार्डावर प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला, आश्रमशाळेला आणि हंगामी वसतिगृहाला फुकट द्या. हे काम ठेकेदार कंपनीला न देता शिक्षकांकडून करून घ्या आणि त्या कामाचे तास त्यांच्या कामकाजात धरा. शिक्षकांची रिक्त पदे भरण्याच्या प्रश्नाशी या उपक्रमाची सांगड घालू नका.

आणि समाजाकडे एक मागणी. जयंतीला डीजेवर आपण किती पैसा उडवतो, याचा हिशेब प्रत्येक वस्तीने स्वतःशी मांडावा. त्यातला थोडा भाग बाजूला काढला तरी विहारात किंवा वाचनालयात एक चांगला माईक, एक स्पीकर आणि एक जुना संगणक येतो. रविवारी वस्तीतली मुले तिथे जमतील. ज्या ज्येष्ठांनी नामांतराचा लढा लढला, ज्यांनी पँथरचे दिवस पाहिले, ज्या आयांनी धुणीभांडी करून पोरे शिकवली, त्यांना मुले प्रश्न विचारतील आणि मुद्रित करतील. ही माणसे एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर आमचा न लिहिलेला इतिहासही जात आहे. तो कोणतेही सरकारी मंडळ जपणार नाही.

ज्यांचे कान बंद केले गेले त्यांची ही पोरे आहेत. त्यांना नुसते श्रोते करून ठेवू नका. येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आमचे मूल या शाळेत बोलते काय?